इंटिरिअरचं कॉलेज सोडून नुसतं सॉफ्टवेअर शिकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंटिरिअर डिझाइनच्या तीन वर्षांच्या कोर्सचं दुसरं वर्ष चालू आहे. कॉलेजात अजून टी-स्क्वेअर घेऊन शीटवर शीट काढून घेतात, रंगांचे चौकोन रंगवायला लावतात, एकाच खुर्चीची मापं आठवडाभर घ्यायला लावतात. नोकरीच्या जाहिरातीत मात्र जिथे बघावं तिथे थ्रीडी आणि रेंडरिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर खोलीचं फोटोसारखं चित्र बनवणं. मग कॉलेज सोडून सहा महिन्यांचा सॉफ्टवेअर कोर्स करावा का, आणि हे सगळं हातकाम नेमकं कशासाठी?

हे दोन प्रश्न आहेत आणि मी दुसरा आधी घेते, कारण त्याचं उत्तर सापडलं की पहिल्याचं बहुतेक तुमचं तुम्हालाच सापडेल. तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला जाणवलं ते असं: शीटवर तुम्ही जी रेघ मारता तिचं पुढे काय होतं, हे तुम्हाला कुणी दाखवलेलंच नाही. त्या रेघेवर कुणीतरी करवत चालवणार असतो, कुणीतरी तिच्या मापाचा दगड कापून आणणार असतो. हा दुवा दिसला नाही तर ड्राफ्टिंग, म्हणजे मापात ड्रॉइंग काढणं, ही हस्ताक्षर सुधारायची शिक्षाच वाटते. तेवीस वर्षं हे काम केलं आणि त्यातली नऊ वर्षं शिकवतेही आहे, म्हणून सांगते, यात दोष बऱ्याचदा आम्हा शिकवणाऱ्यांचा असतो.

पुढे जाण्याआधी, परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी कबूल करते. तुम्हाला मुळात चित्र तयार करण्यातच रस असेल, म्हणजे दुसऱ्याच्या डिझाइनची सुंदर दृश्यं बनवण्यात, तर तो स्वतंत्र आणि चांगला व्यवसाय आहे. त्याला सॉफ्टवेअरचा कोर्स, फोटोग्राफीची नजर आणि भरपूर सराव पुरतो. दुसरं, तुमच्या कॉलेजात सुतारकामाची कार्यशाळा नसेल, साइट दाखवत नसतील आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणी प्रत्यक्ष काम करत नसेल, तर मी खाली जे म्हणणार आहे त्यातलं निम्मं तिथे लागू पडणार नाही. तिसरं, काही देशांत व्यावसायिक नोंदणीसाठी मान्यताप्राप्त शिक्षण लागतं, काही ठिकाणी लागत नाही. जिथे काम करायचं तिथला नियम आधी बघा. आणि फीचा भार किती हे तुम्हीच जाणता, त्यावर मी बोलणं बरोबर नाही.

आता मापाबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

माझ्या पहिल्या नोकरीतलं पहिलं स्वतंत्र काम होतं दोन भिंतींमधल्या खाचेत बसणारं कपाट. मी टेप घेऊन गेले, वाकून जमिनीलगत रुंदी मोजली, १८१२ मिलिमीटर भरली, वहीत लिहिली. कपाट १८०० चं काढलं. दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर फट राहील, वर पट्टी मारून झाकू. ड्रॉइंग देखणं होतं, साहेबांनी कौतुकही केलं. कपाट तयार होऊन आलं, खाली सरळ आत गेलं आणि खांद्याच्या उंचीला अडकलं. सुतारकाका काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, भिंत जिथे फुगली होती तिथे दोरी टेकवून धरली आणि खाली बोट दाखवलं. लोंबता गोळा भिंतीपासून चांगला एकवीस मिलिमीटर दूर होता. गिलाव्याला पोट आलं होतं. वरची रुंदी भरली १७९१. कपाटाची एक बाजू, एक पल्ला आणि सगळे खण पुन्हा करावे लागले.

तेव्हापासून खाचेची रुंदी मी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजते, आणि तिन्ही ठिकाणी पुढच्या कडेला एकदा व मागच्या भिंतीला एकदा. सहा आकडे होतात. त्यातला सगळ्यात लहान आकडा कपाटाचा, बाकीचे पट्टीचे. खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे कर्णांवरून कळतं: समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या आणि तरी दोन कर्ण वेगळे आले, तर खोली तिरकी आहे आणि फरशीची रेघ कुठल्या भिंतीला धरून सुरू करायची हे आधीच ठरवावं लागेल. एकच कोपरा तपासायचा तर एका भिंतीवर ९००, दुसरीवर १२०० अशा खुणा करायच्या. त्यांच्यामधलं अंतर १५०० आलं तर काटकोन पक्का. शाळेतलंच पायथागोरसचं प्रमेय, फक्त इथे ते चुकलं तर लॅमिनेट वाया जातं.

तर खुर्ची. आठवडाभर खुर्ची मोजून काय मिळतं? जेवायच्या किंवा लिहायच्या खुर्चीची बैठक साधारण ४३० ते ४५० मिलिमीटर उंच असते, टेबल ७२० ते ७५०. दोन्हींमध्ये २८० ते ३०० चा फरक राहिला की खाली मांड्या मावतात आणि वर हात सहज टेकतात. हे आकडे कुठल्याही संदर्भपुस्तकात मिळतील. पण ज्यानं हातानं खुर्ची मोजून काढली आहे त्याला चुकीचं ड्रॉइंग बघताक्षणी खटकतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं १०५० उंचीचा काउंटर काढून समोर ४५० उंचीची स्टुलं ठेवली होती. रेंडर इतकं सुंदर की वर्गात सगळे वा वा करत होते. त्या स्टुलावर बसणाऱ्याच्या खांद्याच्याही वर काउंटर येणार होता. ७५० चं स्टूल हवं होतं. सॉफ्टवेअरनं अजिबात तक्रार केली नाही, कारण त्याला गुडघे नसतात.

अशीच मापं हळूहळू अंगात मुरतात: ओटा ८५० ते ९००, चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी वळायला १५०० व्यासाचं मोकळं वर्तुळ, एका माणसाला निवांत जायला ९०० ची वाट. आणि हे नुसतं उंची-रुंदीपुरतं नाही, हालचालीचंही माप असतं. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या घरांसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. त्यामागे घरकामाच्या हालचालींचा घड्याळ लावून केलेला अभ्यास होता: कुठली वस्तू कुठे असली की किती पावलं वाचतात. आजच्या मॉड्युलर किचनची ती पणजी. तुमच्या मास्तरांनी एखाद्याला स्वयंपाकघरात वावरताना बघून पावलांचा नकाशा काढायला सांगितलं असेल, तर ते हेच.

आता ड्राफ्टिंग हातानंच का? माझं मत असं की आयुष्यभर हातानं काढायची काही गरज नाही, पण पहिलं वर्ष-दीड वर्ष तरी काढावं, आणि त्याचं मुख्य कारण स्केल. १:५० ला कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे प्रत्यक्षातले पंचवीस मिलिमीटर. म्हणजे १८ मिलिमीटरचा प्लाय त्या स्केलला दाखवताच येत नाही. रेघच त्याच्याहून जाड. हातानं काढताना हे पेनच तुम्हाला सांगतं: इथे फक्त भिंती आणि फर्निचरची जागा ठरव, कपाटाचं पोट बघायचं तर १:२० ला ये, पल्ला आणि चौकट कशी भेटतात ते १:५ ला. कॉम्प्युटरवर चाक फिरवलं की हवं तेवढं मोठं दिसतं, त्यामुळे सगळं काढून झालंय असा भास होतो आणि प्रिंट काढल्यावर काळा गोळा होतो.

सेक्शन म्हणजे खोली उभी कापली तर जे दिसेल त्याचं ड्रॉइंग. त्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मलाही यायचा. पण प्लॅनमध्ये लपवता येणारी प्रत्येक गोष्ट सेक्शनमध्ये उघडी पडते. फॉल्स सीलिंगच्या वर बीम, बीमखालून एसीचं डक्ट जाणार, त्याखाली पडद्याचा खण, आणि खिडकीचा पल्ला आत उघडणारा. हे चारही एकाच उभ्या रेषेत येतात हे सेक्शन कापल्याशिवाय दिसत नाही. म्हणून कापलेलं जाड, मागे दिसणारं बारीक, हा रेघांच्या जाडीचा नियम पाळायला लावतात. साइटवर कमी उजेडात, धुळीनं माखलेल्या कागदावर तुमचं ड्रॉइंग वाचलं जाणार असतं.

मटेरियलचं बघू. मटेरियल बोर्ड हा माझ्या मते कॉलेजातला सगळ्यात वाया जाणारा विषय आहे, आणि नीट केला तर सगळ्यात कामाचा. नमुने ओळीनं चिकटवले, खाली नावं लिहिली, झालं, याला अर्थ नाही. दोन मटेरियल भेटतात कुठे आणि कशी, हा खरा अभ्यास. लाकडी फरशी हवेतल्या ओलाव्यानं फुगते आणि आकसते, म्हणून ती भिंतीला टेकवायची नसते. कडेनं आठ-दहा मिलिमीटर फट सोडायची. ती फट झाकायला स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, येतं. म्हणजे स्कर्टिंगची जाडी ही आवडीची बाब राहिली नाही, त्या फटीपेक्षा ती जास्तच हवी. जो विद्यार्थी हे विचारतो की दगड संपून लाकूड सुरू होतं तिथे काय आहे, पट्टी की नुसती फट, आणि दोन्हींची जाडी वेगळी असेल तर खाली काय भरायचं, तो पुढे कुठेही अडत नाही.

एक हिशेब करून बघा. प्लायचा प्रमाण तक्ता २४४० बाय १२२० मिलिमीटरचा. रुंदीतून मधोमध कापला तर करवतीचं पातं तीन-चार मिलिमीटर खातं, म्हणजे प्रत्येकी साधारण ६०८ च्या दोन पट्ट्या. कपाटाची खोली ६०० ठेवली तर एका तक्त्यातून दोन बाजू निघतात आणि कडा साफ करायलाही जागा राहते. तुम्ही ड्रॉइंगवर सहज ६२० लिहिलंत, तर एका तक्त्यातून एकच पट्टी निघते आणि दुसरी ६०० पेक्षाही लहान उरते. कागदावर वीस मिलिमीटर, सामानात जवळपास दुप्पट. हे मला कॉलेजातल्या कार्यशाळेत करवतीसमोर उभं राहून कळलं. मॉडेलमध्ये ६०० आणि ६२० चं कपाट सारखंच दिसतं.

हात आणि डोकं एकत्र शिकवायची ही पद्धत काही आजची नाही. १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस ही डिझाइनची शाळा सुरू झाली तेव्हा तिथल्या कार्यशाळांना दोन-दोन गुरू असत, एक आकार शिकवणारा कलाकार आणि एक हत्यार शिकवणारा कारागीर. पुढे तिथल्या प्राथमिक वर्गात योसेफ आल्बर्स हे शिक्षक विद्यार्थ्यांना नुसता कागद देत आणि कचरा न करता त्यातून काहीतरी उभं करायला सांगत. घडी घातल्याशिवाय कागद उभा राहत नाही, आणि घडी कुठे घालायची हे कागदच सांगतो. तुमच्या पहिल्या वर्षातली कागदाची मॉडेलं या कुळातली आहेत. फक्त ती का करतोय हे सांगायचं बहुतेक कॉलेजांत राहून जातं.

रंगाच्या चौकोनांबद्दलही तुम्ही वैतागला आहात. एकाच करड्या रंगाचे दोन छोटे तुकडे कापा, एक काळ्या कागदावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. भिंतीचा रंग निवडताना अगदी हेच होतं: दुकानातल्या पांढऱ्या कार्डावर हलका करडा भासलेला रंग खोलीत वेगळाच निघतो, कारण शेजार बदललेला असतो. त्यात उजेडाची भर. एका दिव्याखाली तंतोतंत जुळणारे कापड आणि लॅमिनेट दुसऱ्या दिव्याखाली फटकून दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात आणि यानं भल्याभल्यांना फसवलंय. म्हणून नमुना दिवसाच्या उजेडात बघायचा, आणि जो दिवा तिथे लागणार आहे त्याच्या उजेडातही, २७०० केल्विनचा पिवळसर असो की ४००० चा पांढरा. भिंतीचा नमुना उभा धरायचा, फरशीचा जमिनीवर ठेवायचा. टेबलावर आडवा ठेवून भिंतीचा रंग पास करणारे लोक मी अजून बघते.

प्रकाशयोजनेत आकडे पाठ करण्यापेक्षा एक उपकरण हाताळा. उजेड मोजणारा साधा लक्समीटर कॉलेजात असतोच, नसेल तर मागून घ्या. वाचायच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स लागतात असं पुस्तक सांगतं. तुम्ही जिथे वाचता तिथे किती आहेत ते मोजा. मग मीटर दिव्यापासून दुप्पट अंतरावर न्या. छोट्या, उघड्या दिव्याचा उजेड जवळजवळ चौथाईवर येतो. छतावर सारख्या अंतरावर दिव्यांची रांगोळी काढायची सवय यानंतर आपोआप सुटते, कारण कामाच्या जागेजवळचा एक दिवा छतावरच्या चारांचं काम करतो हे डोळ्यांनी दिसतं. आणि रिकाम्या खोलीत गेलात की एकदा टाळी वाजवा. खणखणीत परतली तर तिथे पडदे, गालिचा, गादीचं फर्निचर काहीतरी लागणार. आवाजाच्या या विषयाला कॉलेजात फार तर दोन तास मिळतात. रेस्टॉरंटमध्ये समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही त्याचं कारण तेच.

सॉफ्टवेअर. ड्राफ्टिंगचं ऑटोकॅड पहिल्यांदा १९८२ मध्ये आलं, थ्रीडीचं स्केचअप २००० मध्ये. मी स्वतः आतापर्यंत चार प्रोग्राम बदलले, आणि दर वेळी नवीन शिकायला काही आठवडे लागले, वर्षं नाही. तरीही तुमची भीती खोटी नाही हे मान्य करते: सॉफ्टवेअर अजिबात येत नसेल तर आजकाल अर्ज उघडलाही जात नाही. म्हणून येत्या सुट्टीत एक टूडी ड्राफ्टिंगचं आणि एक थ्रीडीचं नीट शिका. पाच अर्धवट येण्यापेक्षा दोन अशी यावीत की ड्रॉइंगचे लेअर दुसऱ्यालाही कळतील. त्यासाठी कॉलेज सोडायची गरज मला दिसत नाही.

मी स्वतः नवीन मुलं घेते तेव्हा पोर्टफोलिओतली रेंडर भराभर उलटते, कारण ती सगळ्यांचीच छान असतात. थांबते ती वर्किंग ड्रॉइंगवर, म्हणजे ज्यावरून कारागीर वस्तू बनवतो त्या ड्रॉइंगवर. मापं कुठून सुरू केली आहेत? बिजागरी दाखवली आहे का? दार उघडल्यावर खण बाहेर येतो का, की पल्ल्यालाच धडकतो? मग एकच विचारते: यातलं प्रत्यक्षात काय बनलं आणि कुठे चुकलं? चूक नीट सांगता आली तर तो उमेदवार जवळपास निवडलेलाच असतो.

ज्युरीचं, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचं असतं त्याचं, एक जाता जाता. तिथे ऐकून घेतलेलं पुढे क्लायंटसमोर फार उपयोगी पडतं, पण बोलणी खाताना डोक्यात काही राहत नाही. मित्राला शेजारी बसवून लिहून घ्यायला सांगा आणि दोन दिवसांनी वाचा. निम्मं बरोबर निघतं.

तर सोडायचं की नाही? माझं उत्तर, आत्ता तरी नको. आधी एक सेमिस्टर कॉलेजला ताणून बघा. तुमची स्वतःची खोली मोजून तिचा प्लॅन, चारही भिंतींची एलिव्हेशन (समोरून दिसणारी ड्रॉइंग), दोन सेक्शन आणि छताचा प्लॅन काढा. त्यातली एकच वस्तू, एखादं शेल्फ का असेना, १:५ ला डिटेल करा आणि कार्यशाळेत खऱ्या मापात बनवा. शिक्षकांकडे एक चालू साइट मागा आणि तीच साइट तीनदा बघा: वायरिंग आणि पाइप उघडे असताना, सीलिंगचा सांगाडा चढल्यावर आणि शेवटी रंग होत असताना. यातलं काहीही करायला कॉलेज मदत करत नसेल, कार्यशाळेला कायम कुलूप असेल, साइट दाखवणारा एकही माणूस नसेल, तर मात्र बदला. पण तेव्हाही नुसत्या सॉफ्टवेअर क्लासला जाऊ नका. काम चालू असलेल्या एखाद्या छोट्या ऑफिसात उमेदवारी धरा आणि सॉफ्टवेअर संध्याकाळी शिका.

सुरुवात खोलीच्या दारापासूनच करा. चौकटीची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, पल्ला कुठल्या बाजूला उघडतो ते काढा, आणि तो पूर्ण उघडल्यावर दिव्याचं बटण त्याच्यामागे जातं का ते बघा.